आधी रपटा विचारा, मग हॉर्सपॉवर

आमच्या हापिसात सध्या एक नवाच राष्ट्रीय प्रश्न चर्चेला आहे. मूलकडचा एक सहकारी (मूल म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, लेकरू नव्हे :-) ) नोकरी सांभाळून घरच्यांसाठी जोडधंदा उभा करतोय. पॉवर टिलर, धान लावायचं यंत्र, छोटं मळणीयंत्र अशी अवजारं ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर पिकअपच्या मागे जोडायचा आणि सिंदेवाही, सावली, चामोर्शी, जमलं तर पार एटापल्ली-भामरागडपर्यंत भाड्याने फिरवायची. कल्पना झकास आहे. त्या भागात धान हेच मुख्य पीक, आणि लावणीला माणसं मिळत नाहीत ही रड दरवर्षीची.

मग काय, जेवणाच्या टेबलावर सल्ल्यांचा पाऊस. "घ्यायची तर हायलक्स घे. २.८ लिटर, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क. डोळे झाकून!" "छे, व्ही-क्रॉस घे, पैसे वाचतील." "गाडी कुठलीही घे रे, पण स्क्रीन मोठी घे. अनोळखी भागात नॅव्हिगेशन महत्त्वाचं." अर्धा तास हे चाललं. एकानेही विचारलं नाही की बाबा रे, रस्ता किती रुंद आहे, मध्ये नाले किती लागतात, आणि चुकलास तर ते एवढं लांबलचक प्रकरण वळवणार कुठे?

माझा वाद नेमका इथे आहे. गाडीच्या ताकदीवर आपण आयटीवाले जेवढं बोलतो त्याच्या दहावा हिस्साही नकाशाच्या अकलेवर बोलत नाही. आणि गंमत म्हणजे गाडी आपण बनवत नाही, नकाशा आपण बनवतो. रूट काढणारा कोड, डिलिव्हरीचं अ‍ॅप, ड्रायव्हरच्या फोनवर पडणारी ती निळी रेघ, हे सगळं पुणे, हैदराबाद, बंगळूरच्या काचेच्या इमारतींतून बाहेर पडतं. नकाशा मूर्ख आहे हे झाकायला आपण मोठी गाडी सुचवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गाडीचं निकालात काढू, कारण ते सोपं आहे. ऑस्ट्रेलियात फोर बाय फोर हायलक्सची ओढायची क्षमता ३५०० किलो सांगतात. हा आकडा आपल्याकडचे गाडीवेडे तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यापुढची ओळ कोणी वाचत नाही. ३५०० किलो कधी, तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तेव्हा. नसतील तर तीच गाडी, तेच इंजिन, पण मर्यादा ७५० किलो! म्हणजे प्रश्न ओढण्याचा नाहीच, थांबवण्याचा आहे. आता विदर्भात वेल्डिंगच्या दुकानात बनणाऱ्या किती ट्रॉल्यांना ब्रेक असतात? मागचा दिवा असला तरी नशीब समजायचं. नाल्याकडे उतरणाऱ्या मुरमाच्या उतारावर मागून दीड टन ढकलायला लागलं की पुढचे २०४ पीएस काय आरती ओवाळणार आहेत? आपल्याकडच्या बहुतेक ब्रोशरांत किती किलो ओढावं हा आकडाच सापडत नाही, आणि शोरूममध्ये विचारलं तर सेल्समन सनरूफ दाखवायला लागतो.

दुसरं असं की जे हौद्यात मावतं ते मागे ओढायचंच कशाला? बोलेरो पिकअप १.७ टन उचलते. टाटा योद्धा २.० (२०२२ पासून) दोन टन, बोलेरो मॅक्स पिकअपचं मोठं मॉडेल (२०२३ पासून) तेही दोन टन. मित्राची सगळी अवजारं मिळून दीड टनाच्या आत आहेत. ट्रेलर बुटका असतो, यंत्र चढवायला सोपं जातं, गावात सोडून गाडी मोकळी करता येते, हे फायदे खरेच आहेत, नाही म्हणत नाही. पण दोन मजबूत लोखंडी फळ्यांचा रॅम्प बनवून घेतला तर पहिला फायदा काही हजारांत मिळतो, आणि एक जोडगाडी कमी होते. दोन टनांच्या वर गेलात तर तिकडे ट्रॅक्टर आहे. धान खरेदी केंद्रावर धान कशावर येतो? ट्रॅक्टर-ट्रॉलीवर. गावातला माणूस अडाणी म्हणून नव्हे, तर चिखलात रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन लावून काढता येतो म्हणून. रुतलेली तीस लाखांच्या वरची ऑटोमॅटिक काढायला क्रेन कुठून बोलावणार? नागपूरहून?

कागदपत्रांचं एका वाक्यात: मोटर वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटर वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे तो गाडीचा डबा नव्हे, कायद्याच्या लेखी तीही एक गाडी आहे आणि तिचीही नोंदणी लागते. लायसन्सचा घोळ मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवला. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं.

असो. आता खरा विषय.

स्कूटरवर नकाशा चुकला तर आपण एक शिवी देतो आणि वळतो. कारमध्ये चुकला तर दोन शिव्या. ट्रेलर मागे असताना चुकला तर? एकेरी रस्त्याची रुंदी साधारण ३.७५ मीटर, ग्रामसडक योजनेतल्या कमी वर्दळीच्या रस्त्यांची ३ मीटरसुद्धा. पिकअप सव्वापाच मीटर, मागे ट्रेलर, मिळून नऊ-दहा मीटरचं प्रकरण. दोन्ही बाजूंना सागवान आणि बांबू, साइडपट्टीला खड्डा. वळवणार कसं? उलटं घ्यायचं म्हटलं तर ट्रेलर स्टिअरिंगच्या विरुद्ध दिशेला पळतो, आणि थोडं जास्त झालं की काटकोनात दुमडून बसतो. म्हणजे जोडगाडीला चुकीच्या वळणाची किंमत स्कूटरच्या शंभरपट आहे. रूट काढणाऱ्या कोडमध्ये मात्र दोघांची किंमत तीच: "रीकॅल्क्युलेटिंग". अहो, रीकॅल्क्युलेट तुम्ही करा, गाडी कोण वळवणार?

माझं आजोळ गोंडपिपरीकडचं. तिथल्या एका पिकअपवाल्याने मला हे एका ओळीत सांगितलं होतं: "भाऊ, फोन रस्ता दाखवते, पानी नाई दाखवत."

पाणी. ज्यांनी रपटा पाहिला नाही त्यांच्यासाठी: रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, कधी नुसतीच सिमेंटची पाट. आठ महिने पाणी खालून जातं, पावसाळ्यात वरून. नकाशावर हा रपटा आणि बांद्रा-वरळी सी लिंक दोन्ही एकाच प्रकारच्या रेघा. आता तुम्ही म्हणाल, पाऊस पडतोय हे दिसतंच की, त्यात नकाशाने काय सांगायचं? तर इथेच मेख आहे. गडचिरोलीतला पूर बऱ्याचदा गडचिरोलीतल्या पावसाचा नसतोच. वरती भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की वैनगंगा फुगते, आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो. तोवर इकडे ऊनसुद्धा पडलेलं असू शकतं! फुगलेली नदी मग तिला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी मागे रेटते, आणि रपटा बुडतो तो वरून आलेल्या पाण्याने नव्हे, खालून चढलेल्या पाण्याने. भामरागडला हेच पर्लकोटेचं होतं. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा तिथे एकत्र येतात. छत्तीसगडमधून इंद्रावती दणकून आली की पर्लकोटेला जायला जागा राहत नाही. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधला तो ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन तालुक्याचं गाव जगापासून तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्यात. २०१९ च्या एकाच पावसाळ्यात हे कितीतरी वेळा झालं. आलापल्लीहून भामरागड साधारण ६५ किलोमीटर. तुम्ही साठ किलोमीटर जंगल तुडवून पोहोचता आणि पुढे नदी असते. मागे ट्रेलर.

"पण हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते!" हो, जाते. स्थिर पाण्यातून. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं आहे. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेऊ शकतं. त्यात रिकामा ट्रेलर म्हणजे पत्र्याची होडी. तो आधी तरंगतो, आडवा होतो आणि प्रवाहात जाताना पुढच्या गाडीला शेपटीला धरून ओढतो. म्हणजे ज्याला तुम्ही ओढायला निघालात तोच तुम्हाला ओढतो.

जंगलात आणखी एक गोष्ट नकाशाला ठाऊक नसते: रस्ता आहे म्हणजे जायची मुभा आहे असं नाही. मोहर्ली ते कोलारा ताडोब्याच्या पोटातून रस्ता आहे, पण वन विभागाच्या परवानगीशिवाय तो तुमचा नाही. वनोपजाचं तर त्याहून पुढचं. भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम ४१ प्रमाणे बांबू-लाकूड कोणत्या मार्गाने न्यायचं हेसुद्धा सरकार ठरवून देऊ शकतं. मेंढा (लेखा) गावाने आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतूक पासासाठी किती वर्षं भांडण केलं! एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं तेव्हा ते मिटलं. आणि इकडे आपला फोन बारा मिनिटं वाचवायला वनोपज तपासणी नाक्याला वळसा घालून आतल्या रस्त्याने जायला सांगतो. ड्रायव्हरने ऐकलं तर माल आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकतात. बारा मिनिटं मात्र वाचली!

आता आपल्या धंद्याकडे वळतो. फोनच्या नकाशात प्रवासाचे पर्याय बघा: कार, दुचाकी, बस-रेल्वे, पायी. दुचाकीचा पर्याय गुगलने भारतात डिसेंबर २०१७ मध्ये आणला, आणि तो आणावा लागला, कारण देश दुचाकीवर चालतो हे कोणाच्या तरी ध्यानात आलं. २०२४ मध्ये चारचाकींना अरुंद गल्ल्या टाळून रस्ता दाखवायची सोय आली. कुठे? आठ शहरांत. हैदराबाद, बंगळूर, इंदूर, भोपाळ वगैरे. म्हणजे रुंदी मोजता येते. यंत्राला कळतं. पण ते कळणं शहराच्या वेशीवर संपतं. आणि जोडगाडी? तिला पर्यायच नाही. अमेरिकेत ट्रकवाल्यांसाठी गार्मिनचं वेगळं यंत्र मिळतं. गाडीची उंची, लांबी, वजन आधी भरायचं, मग ते पूल आणि वळणं बघून रस्ता काढतं. तिथे ट्रेलर ओढणारा माणूस गिऱ्हाईक आहे. इथे तो 'एज केस' आहे.

या एज केसमध्ये माणसं मरतात, मंडळी. जानेवारी २०२१, नगर जिल्ह्यातलं अकोले. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली. एकाचा जीव गेला. आसपासच्या लोकांना पूल पाण्याखाली आहे हे पक्कं माहीत होतं. नोव्हेंबर २०२४, उत्तर प्रदेशातलं बरेली. पुढचा भाग तुटलेल्या पुलावर गाडी गेली आणि नदीत पडली. तिघे गेले. या तर साध्या कार होत्या.

यावर आपल्या लोकांची दोन ठरलेली उत्तरं असतात. एक, "डेटा नाही." हे २०२१ पर्यंत तरी पटण्यासारखं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे बनवण्यावरचे बरेचसे निर्बंध उठवले. २०२२ मध्ये ग्रामसडक योजनेचा ग्रामीण रस्त्यांचा आणि सुविधांचा जीआयएस डेटा खुला केला. पुलांचं म्हणाल तर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल गाड्यांसकट वाहून गेला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंद ठेवणारी सरकारी प्रणाली सुरू झाली. खुल्या नकाशाचं बघा: ओपनस्ट्रीटमॅपवर पुलाची वजनमर्यादा, रस्त्याची रुंदी, रस्ता डांबरी की मुरमाचा, पाण्यातून जातो का, पुरात बुडतो का, हे सगळं लिहायला रकाने केव्हाचे आहेत. व्हॅलहाला नावाचं फुकट रूटिंग इंजिन ट्रकची उंची, रुंदी, लांबी, वजन, एका आसावरचा भार एवढं सगळं विचारात घेतं. रकाने आहेत, इंजिन आहे. भरलेलं नाही एवढंच. आणि आपण शनिवारी काय भरतो? मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मोमोवाल्याला किती तारे द्यायचे ते.

दुसरं उत्तर: "लोकांनीच कळवायचं ना, क्राउडसोर्सिंग!" २०२४ पासून गुगल नकाशात पाणी साचलेला रस्ता कळवता येतो. चांगलं आहे. पण कळवायला काय लागतं? नेटवर्क. अहेरी मागे टाकून आत शिरलात की ते कुठे मिळेल आणि कुठे तुटेल याचा भरवसा नसतो. म्हणजे ज्या रपट्यावर उभं राहून कळवायचं, तिथेच फोनला दांडी नाही! ही रिक्वायरमेंट ज्याने लिहिली त्याने ती कोरमंगल्यात बसून लिहिली असणार. कळवणारा नसला की नकाशाला वाटतं सगळं आलबेल आहे. माहिती नाही म्हणजे अडचण नाही, असा हिशोब. डेटाबेसमध्ये शून्य आणि नल यातला फरक आपण पोरांना इंटरव्ह्यूत विचारतो, आणि स्वतःच्या नकाशात विसरतो.

या सगळ्याची किंमत कोण भरतं तेही बघा. नागपूरच्या गोदामातून माल निघतो. ड्रायव्हरच्या फोनवर पिन येते, सोबत वेळ येते. ती वेळ एका कोडने काढलेली असते, कारच्या वेगावरून, कोरड्या रस्त्यावरून. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणजे वर्षानुवर्षं एकटं वडसा, तेही उत्तरेच्या टोकाला, त्यामुळे खालच्या तालुक्यांत खतापासून औषधापर्यंत सगळं रस्त्यानेच येतं. रपट्यावर पाणी बघून ड्रायव्हर थांबला तर तो 'लेट'. लांबच्या पक्क्या रस्त्याने गेला तर डिझेलचा फरक त्याच्या खिशातून. पाण्यात घातली आणि गाडी गेली तर "ड्रायव्हरने निष्काळजीपणा केला" अशी दोन ओळींची बातमी. गाडीचा हप्ता त्याच्या डोक्यावर. ज्याने ती वेळ काढली त्या कोडचं नाव बातमीत कधी येत नाही. आपल्या डॅशबोर्डवर मात्र लाल ठिपका दिसतो आणि आपण मीटिंगमध्ये म्हणतो, ड्रायव्हर ट्रेनिंग हवं. ट्रेनिंग कोणाला हवं हा प्रश्न मी पुढच्या मीटिंगमध्ये विचारणार आहे. नोकरी राहिली तर कळवतो.

मित्राला मी काय सांगितलं ते लिहितो, कारण नुसत्या टीकेने त्याची अवजारं मूलहून हलणार नाहीत. दोन टनांची साधी पिकअप, मागे ट्रेलर नाही, रॅम्प घे. वैनगंगेच्या पलीकडच्या मोठ्या कामाला तिथलाच ट्रॅक्टर भाड्याने धर, त्याचा चालक रपटा ओळखतो. फोनवर ऑफलाइन नकाशा ठेव, पण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत निघण्याआधी त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन कर. आणि नाला दिसला की उतर, चालत बघ. मोठ्या स्क्रीनचे पैसे चार चांगल्या टायरांत घाल.

आता आपलं काम. केंद्रीय जल आयोगाची वैनगंगेवर आष्टीला आणि प्राणहितेवर टेकड्याला पाणी मोजायची ठाणी आहेत. 'फ्लडवॉच इंडिया' हे आयोगाचं अ‍ॅप ऑगस्ट २०२३ पासून आहे. नदीची पातळी अमुक मीटर झाली की तमुक रपटा बुडतो, हे गावातला प्रत्येक म्हातारा तारखेसकट सांगतो. म्हणजे एक टेबल सरकारकडे आहे, दुसरं म्हाताऱ्यांकडे. दोन्हीचा जॉईन लावायचा आणि तो फोनमध्ये आधीच उतरवून ठेवायचा, नेटवर्क असताना. आलापल्ली ते भामरागड या पट्ट्यातल्या नाल्यांची यादी मी करायला घेतली आहे. ज्यांचं गाव त्या बाजूला आहे त्यांनी दिवाळीत घरी गेल्यावर तीन गोष्टी विचारून आणा: आपल्या रपट्याचं गावातलं नाव काय, तो कुठल्या नदीच्या पाण्याने बुडतो, आणि त्याच्या अलीकडे ट्रॉली वळवता येईल अशी मोकळी जागा सगळ्यात जवळ कुठे आहे. तिसरी गोष्ट विसरू नका. ती अजून कुठल्याच नकाशात मला दिसलेली नाही.